जूं आणि विसांवा

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस, वचनें २८ ते ३० यांत, प्रभु येशू कष्टी व भाराक्रांत जनांस आपणाकडे बोलावितो आणि त्यांस विसांवा देण्याचें अभिवचन देतो. हीं वचनें आपल्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून कितीदां तरी गेलीं असतील. ख्रिस्ती घरांत तर तीं चौकटींत घालून भिंतीवर लाविलेलीं आढळतात. परंतु जें नित्य डोळ्यांसमोर असतें तें बहुधा दिसेनासें होतें. यास्तव विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या तीन वचनांकडे आमच्याबरोबर पुन्हां एकवार निरखून पाहावें, अशी आमची विनंति आहे.

दिवसभर नांगर ओढून दमलेल्या बैलास विसांवा द्यावयाचा म्हणजे आपण काय करितों? त्याच्या मानेवरचें जूं उतरवितों, त्यास पाणी दाखवितों, आणि दावणीस बांधून पुढें वैरण टाकितों. प्रभु मात्र दमलेल्यांस जवळ बोलावून त्यांच्यापुढें दुसरें जूं ठेवितो! ही गोष्ट विलक्षण खरी. आणखी असें कीं, विसांव्याचा उल्लेख या वचनांत दोन वेळां आला आहे. जो येतो त्यास पहिला विसांवा देण्यांत येतो. दुसरा, जूं घेऊन चालतां चालतां, त्याचा त्यास सांपडतो. आधीं येणें, मग जूं घेणें, असा हा क्रम आहे, आणि तो उलटा केल्यास काय होतें तें पुढें दिसून येईल.

ज्यांच्याशीं हें भाषण झालें ते गालीलांतील लोक होते. नियमशास्त्राच्या पालनास यहूदी लोक जूं म्हणत, आणि भक्तिमान मनुष्य तें आनंदानें घेई. परंतु त्यावर चढविलेल्या बारीकसारीक नियमांचा भार गरिबांस पेलत नसे. दुसऱ्यांच्या खांद्यांवर असलीं ओझीं देऊन स्वतः बोटही न लावणाऱ्यांविषयीं प्रभूनें याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत कडक शब्द काढिले आहेत. आमच्या वचनांच्या लगेच पुढें, बाराव्या अध्यायाच्या आरंभीं, शब्बाथाविषयींचे दोन वाद आहेत: एक शिष्यांनीं कणसें मोडल्यावरून, दुसरा वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरें केल्यावरून. विसांव्याच्या दिवसाचेंच ओझें होऊन बसलें होतें. मत्तयानें हे प्रसंग येथें उगाच ठेविले नसावेत.

आतां जुवाविषयीं. प्रभु नासरेथांत सुतार होता, असें मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टर हा लेखक तर तो नांगर व जुवें करीत असे, असें सांगतो. जूं नीट तासलेलें नसेल तर बैलाचा खांदा सुजतो, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करितांना ज्यांनीं बैलांचे खांदे तूपहळदीनें चोळिले आहेत, त्यांस त्या जागेची व्यथा ठाऊक आहे. आपल्या जुवाकरितां प्रभूच्या मुखीं जो ग्रीक शब्द आहे, त्यांत सौम्य, हितकर, न बोचणारें असा भाव आहे. शिवाय जूं हें बहुधा दोघांचें असतें. नव्या खोंडास कामाला लावितांना जाणता शेतकरी त्यास जुन्या, सवयीच्या बैलाच्या जोडीस जुंपतो. खोंड त्याच्या चालीनें चालावयास शिकतो, आणि भार बहुतेक जुन्याच्या मानेवर राहतो. जूं घेण्यास सांगतांना प्रभु आपल्यापासून शिकावयासही सांगतो, त्याचा अर्थ आम्ही असाच समजतों.

विद्यार्थ्यांचीं ओझीं लहान असतात, असें मोठ्यांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. परीक्षेंतील गुणांवरून आपली किंमत ठरते, असें ज्या मुलास रोज ऐकावें लागतें, त्याचें शरीर निजलें तरी मन निजत नाहीं. आणि तें बोलणारा बाप पुष्कळदां कर्ज काढून फी भरीत असतो. त्याच्याही खांद्यास घट्टे पडलेले असतात. अशा घरांत प्रार्थना होत नाहीं असें नाहीं. उपासना, वर्गणी, शास्त्रपाठ, सर्व यथासांग चालतें, आणि कधीं कधीं त्याचीही ओझ्यांत भरच पडते. धर्म आहे, पण विसांवा नाहीं! ही स्थिति एका फार मोठ्या व्यक्तीच्या वांट्यासही आली होती.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. लोकमताची पर्वा न करितां त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. १८७४ सालीं दुष्काळाच्या दिवसांत वडील वारले. थोड्याच काळांत आई व थोरली बहीणही गेली. उरलेलीं दोघें भावंडें हिंदुस्थानभर हजारों मैल पायीं हिंडलीं. १८८० सालीं बंधु श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधावी यांच्याशीं बाईंचा विवाह झाला, आणि १८८२ सालीं तेही मरण पावले. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती; बाईंचें वय चोवीस वर्षांचेंही पुरें नव्हतें.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिकेंत व्याख्यानें देऊन साह्य मिळविलें, १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडिलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. काम उत्तम चाललें होतें. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या कबूल करितात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें तें असें: आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला खरा, पण ख्रिस्ताची गांठ अद्याप पडलेली नाहीं. एवढ्या विदुषीनें, एवढी सेवा हातून घडत असतां, हें स्वतःशीं मान्य करावें, यास केवढें धैर्य लागलें असेल! आपल्या विद्वत्तेचें किंवा सेवेचें गाठोडें पुढें न करितां, इतर कोणाही पापी मनुष्याप्रमाणें त्या रित्या हातांनीं त्याच्यापाशीं आल्या, आणि त्यांच्या मनास जी शांति मिळाली ती पुढें ढळली नाहीं.

यानंतर त्यांचें काम हलकें झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढ्यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें, सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें, व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. आम्ही त्या पालकांस दोष देत नाहीं; त्यांची काळजी खरी होती. बाई तेथेंच राहिल्या. १८९६ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत जाऊन निराश्रित मुली घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर विहिरी खोदविल्या, मुक्तिसदन वसविलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथें दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुली होत्या. इतक्या जणींची रोजची भाकरी, औषधपाणी, शिक्षण! आणि हें सर्व सांभाळून त्यांनीं बायबलाचें भाषांतर आरंभिलें. खेड्यांतील साध्या बायकांस समजेल असें तें मराठी व्हावें, म्हणून उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला.

१९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकीवर पुढची सर्व भिस्त होती ती अशी आधीं गेली. आईची प्रकृतिही तेव्हां खालावली होती, कान तर पूर्वींच गेले होते. भाषांतराचे कागद त्यांनीं बाजूस ठेविले नाहींत. तें काम पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्या प्रभूकडे गेल्या.