फळ्यावर बैल काढू नकोस

हे बघ बाई, बाकी सगळं नंतर बोलू, आधी एक गोष्ट मनात पक्की कर. सहावी-सातवीच्या वर्गावर चित्रकलेच्या तासाला गेलीस की फळ्यावर चित्र काढायचं नाही. मोह होईल. पोरं गलका करत असतील, शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून जातील आणि तुला वाटेल, एक झकास बैल काढून दिला की अर्धा तास निवांत. निवांतपणा मिळेल, नाही असं नाही. पण मग वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांत तुझाच बैल येईल, आणि त्यांच्या गोठ्यातला एकही येणार नाही.

तू म्हणशील, ताई, मग शिकवायचं काय? तेच सांगतेय.

आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेतली चित्रकलेची वही उघड. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. रिसोडच्या पोरीच्या वहीत हेच, मंगरूळपीरच्या पोराच्या वहीतही हेच. आता मला सांग, आपल्याकडे नारळाखाली राहतं कोण? बांधावर बाभूळ, कडुनिंब, पळस. घरांवर टिनं, नाहीतर एखादं जुनं धाब्याचं घर. नदी म्हणशील तर पैनगंगा नाहीतर अडाण, आणि ती उन्हाळ्यात कशी दिसते ते काही त्या निळ्या पट्ट्यात नसतं. पोरांना हे दिसत नाही असं समजू नकोस. जोडीतला कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपायचा, हे सातवीतलं पोर झोपेतून उठून सांगेल. फक्त चित्र म्हणजे डोंगर-नदी-नारळ, एवढं ते दुसरी-तिसरीत कुणाच्या तरी फळ्यावरून शिकून बसलंय.

म्हणून नमुना देऊ नकोस, प्रश्न दे. ‘बैल काढा’ असं म्हणायचंच नाही. विचार, ‘बसलेला बैल उठतो कसा? आधी पुढचे पाय की मागचे?’ बघ मग कसा कालवा होतो. निम्मे म्हणतील पुढचे, निम्मे मागचे, एखादं पोर तर जमिनीवर बसून करून दाखवेल. तू उत्तर देऊ नकोस. उद्या सकाळी गोठ्यात बघून या म्हण. गुरं आधी मागचा भाग उचलतात, पुढच्या गुडघ्यांवर टेकून राहतात आणि मग पुढचे पाय सरळ करतात. हे ज्यानं मुद्दाम पाहिलंय त्याच्या हाताला कोळसा दे, रबर काढून घे आणि सांग, सात-आठ रेघांत उठणारा बैल दाखव. रेघा वाकड्या येतील, पण बैल उठेल. रबर काढून घेणं महत्त्वाचं बरं का. या वयात पोरं चित्र काढतात कमी आणि खोडतात जास्त. बारा-तेरा वर्षांचं पोर स्वतःच्या चित्राला हसायला लागतं, लाजायला लागतं. पाचवीपर्यंत बिनधास्त काढणारी मुलगी सातवीत ‘मला येत नाही’ म्हणून वही झाकते. तिला तुझा सुबक नमुना दाखवलास तर ती कायमचीच झाकेल.

आता मातीचं सांगते, कारण यात सगळ्यात जास्त मजा आहे. पोळ्याच्या आधी मातीचे बैल सगळ्याच शाळा करतात. आपली काळी माती मऊ, हाताला गोड. पण बैल वाळला की शिंगं तडकतात, पाय गळून पडतात. का? जी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते, तीच ही. पाणी उडालं की आकसते. बहुतेक शाळांत इथं शाडू विकत आणतात आणि विषय मिटवतात. तू आणू नकोस. त्या भेगाच तुझा उपक्रम आहे.

पोरांचे गट कर. प्रत्येक गटाला तीच काळी माती, पण कालवायला वेगळी वस्तू. एका गटाला सोयाबीनचं कुटार, एकाला चुलीतली राख, एकाला नाल्यातली रेती, एकाला पिंजलेला कापूस, एकाला शेण. आणि एका गटाला काहीच नाही, नुसती माती. सारख्या मापाच्या वड्या थापायच्या, काडीनं त्यावर वस्तूचं नाव कोरायचं आणि सावलीत ठेवायच्या. उन्हात नाही, उन्हात वरचा थर आधी वाळतो आणि चांगली वडीही फुटते. आठवड्यानं बघायचं कुणाची किती तडकली. मग त्यांचं त्यांनी ठरवायचं की बैलाच्या पोटात काय घालायचं आणि शिंगांत काय. कुटार बारीक चाळून घ्यावं लागतं, नाहीतर शिंगातून काड्या बाहेर येतात. पण हे त्यांना त्यांच्याच हातानं कळू दे.

हे सगळं झाल्यावर त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांग. आधी नाही, झाल्यावर. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतला राजा हरिषेण, पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. तसा शिलालेखच तिथं कोरलेला आहे. आणि ज्या भिंतींवरची चित्रं बघायला जगभरातून माणसं येतात, त्या भिंतींवर रंगाआधी मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू कालवलेले आहेत. हातात कुटाराची वडी असलेल्या पोराला हे सांगून बघ. अजिंठा त्याला इतिहासाच्या पुस्तकातला राहणार नाही. त्या कारागिरांची अडचण आपल्यासारखीच होती, हे त्याला लगेच कळेल.

रंगांचंही तसंच. रंगपेटी प्रत्येकाकडे नसते, आणि असली तरी पांढरा आणि काळा आधी संपलेला असतो. गावात रंग शोधायला लाव. गेरू मिळेल, पिवळी माती मिळेल, कोळसा आणि दिव्याची काजळी मिळेल, चुना आणि हळद मिळेल, फाल्गुनाच्या सुमाराला पळसाची फुलं मिळतील. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा आणि त्यात वस्त्रगाळ केलेली माती खलायची. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पापुद्रे धरतो. प्रमाण मी सांगणार नाही, कारण प्रत्येक माती वेगळा डिंक पिते. चमचे मोजून वहीत लिहायला त्यांनाच सांग. ब्रश म्हणून दातणासारखी चावून टोक केलेली बाभळीची काडी पुरते. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल होते, हे पाहताना सातवीतलं सगळ्यात टारगट पोरही गप्प होतं. आणि हळदीनं रंगवलेला कागद अर्धा झाकून उन्हात ठेवायला सांग. उघडा भाग फिका पडला की रंग टिकणं म्हणजे काय, यावर तुला वेगळं बोलावं लागत नाही.

एक मात्र सांभाळ. कळीचा चुना पोरांसमोर विरवू नकोस, तो उकळ्या मारतो आणि डोळ्यात उडाला तर खेळ व्हायचा नाही. आदल्या दिवशी तू स्वतः विरवून, थंड करून आण, आणि पोरांच्या हाती निवळी तेवढी दे.

मग निळा कुठून आणायचा, असं कुणीतरी विचारेलच. त्या प्रश्नाची मी तर वाटच बघत असते. कुणी कपड्यांची नीळ आणेल, कुणी भिंतीच्या चुन्यात टाकायची. अजिंठ्यातल्या चितारांपुढेही हाच प्रश्न होता. बाकीचे बहुतेक रंग जवळपासच्या दगडमातीतून निघाले, पण निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड थेट अफगाणिस्तानाकडून यायचा.

कागदासाठी रडू नकोस. लग्नसराईनंतर पत्रिका मागवून घे, मागची बाजू कोरी आणि कागद जाड. थर्माकोलचं तर नावच काढू नकोस. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि नसती तरी मी तुला वापरू दिला नसता. मोबाइलवर बघून आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करवून घेण्याचाही मला तिटकारा आहे. मानोऱ्याच्या पोरानं आइस्क्रीमच्या काड्या दुकानातून विकत आणायच्या आणि त्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणायचं!

हे माझं काही नवं डोकं नाही हो. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना सजावटीला बोलावलं आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच काम करायला सांगितलं. त्याच नंदलालांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत पुढे कितीतरी वर्षं मुलांना चित्रकला शिकवत राहिले. स्वतः कुंभारकाम करणारा माणूस. मुलाच्या चित्राला मोठ्यांच्या फूटपट्टीनं मोजू नये, हा त्यांचा आग्रह होता, आणि कला हाच शिक्षणाचा पाया असं मांडणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. वर्धा काही आपल्यापासून लांब नाही. कधी जमलं तर सेवाग्रामला जाऊन ये.

तुला मानोऱ्याकडची शाळा मिळाली आहे, म्हणजे निम्मा वर्ग बंजारा तांड्यावरचा असणार. ते तुझं भाग्य समज. त्या पोरांच्या घरी पेटीत फेटिया, कांचळी, टुकरी असेल; आरसे, कवड्या, नाणी लावून भरलेली. पण तांड्यावरची पोरगी ते शाळेत दाखवायला लाजते, हे मी पाहिलंय. म्हणून थेट ‘तुमची कला दाखवा’ असं तिला उभं करू नकोस, तिला ते नुमाइशीसारखं वाटेल. त्यापेक्षा बारदाना आण, मोठ्या सुया आणि रंगीत दोरा आण, आणि साऱ्या वर्गाला, पोरांनासुद्धा, टाका घालायला बसव. आरसा कापडावर दोऱ्यानं कसा अडकवायचा, हे तुला येत नसेल. मलाही धड येत नाही. मग कुणाच्या तरी याडीला, म्हणजे आईला, वर्गात बोलाव आणि तू स्वतः पोरांच्या रांगेत बस. बाईंना येत नाही ते माझ्या याडीला येतं, हे त्या पोरीनं एकदा पाहिलं की पुढचं तिचं तीच करेल. पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय झालंय, 5 ऑक्टोबर 2024 ला उघडलं. सहल तिकडेच काढ, पण बारदान्यावर टाके घालून झाल्यावर. तेव्हा काचेआडचा टाका किती बारीक आहे ते पोरं नाक लावून बघतील.

आता कामातल्या कटकटी. तुझं पद अंशकालीन निदेशकाचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला असे निदेशक द्यायचे, असं लिहिलंय. कायद्यात आहेस, तरी स्टाफरूममध्ये तुला खुर्ची शेवटची मिळेल. मनाला लावून घेऊ नकोस, पण जोड तासिका मात्र मागून घे. पस्तीस मिनिटांत माती भिजतसुद्धा नाही. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर शनिवार माग. दप्तराविना शनिवारी काय करायचं हा प्रश्न त्यांनाही असतोच.

पाहुणे येणार म्हटलं की तुला रांगोळी आणि स्वागतफलकासाठी बोलावतील. जा, कर, तेवढ्यावरून वाद नको. फक्त त्या दिवशीच्या तासाची पोरं रांगोळीच्या टिंबांना जुंपू नकोस. आणि पालक विचारतील, ‘मॅडम, मार्कं किती मिळतात?’ त्यांना हसू नकोस. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढतात, शेतकऱ्याच्या पोराला ते सोडवत नाहीत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं पुढे नीट शिकव, सरावही घे. पण ती परीक्षा सहावीत आणू नकोस. आणि खरं सांगू? उठणारा बैल ज्यानं डोळ्यांनी टिपलाय, त्याला स्मरणचित्राची भीती वाटत नाही.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना ‘चित्र सुंदर काढतो’ हे वाक्य वर्ज्य. ‘राखेची वडी का फुटली याचं कारण स्वतः शोधलं’, ‘रंगात डिंक किती हे मोजून लिहिलं’, असं लिही. केंद्रप्रमुखांनाही वाचायला बरं वाटेल. आणि कुणी कागद पुढे करून ‘मॅडम, एवढं तोंड काढून द्या ना’ म्हणालं तर त्याच्या कागदावर तुझी पेन्सिल टेकवायची नाही, काही झालं तरी. वाटलं तर दुसऱ्या कागदावर दाखव आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाक. आधी रुसेल. रुसू दे.

बरं, कामाचं ऐक. सोयाबीन काढणी सुरू झाली की कुणाच्या तरी बापाला सांगून कुटाराचं एक पोतं शाळेत टाकून घे आणि कोरड्या खोलीत उंचावर ठेव. पोळ्याआधीची वड्यांची चाचणी पुढच्या साली असली तरी कुटार आत्ताच लागतं. मळणीनंतर ते गोठ्यात जातं आणि मग कुणी देत नाही. डिंक मी पाठवते.