द्यायचा तो शब्द छोटा द्यावा

पोरी, ओरत्तनाडूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तू रुजू झालीस आणि महिना सरायच्या आत तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांबरोबर बसस्टँडवर झोपणाऱ्या माणसांत जायलाही लागलीस, हे ऐकून तुझ्या आईला घोर लागला. मला मात्र फार बरं वाटलं. नगरच्या स्टेशनाबाहेर या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, माझ्याआधी माझ्या सासूबाईंची गेली. त्यांनी माझ्या कानात जे सांगितलं तेच तुला सांगते आहे. थोडी माझी भर आहे, आणि थोडं तुझ्या त्या गावाचंच आहे.

सगळ्यात आधी शब्दाचं. रस्त्यावरच्या माणसाला भूक असतेच, पण त्या भुकेहून जुने असतात ते लोकांनी मोडलेले शब्द. ‘न्यायला येतो’ म्हणून गेलेला मुलगा आलेला नसतो, ‘सोमवारी या’ म्हणणारा साहेब सोमवारी रजेवर असतो, सणाला फोटो काढून गेलेले लोक पुन्हा फिरकलेले नसतात. त्यात आपली भर नको. म्हणून द्यायचा तो शब्द छोटा द्यावा आणि मोडू नये. ‘बुधवारी सहाला येते’ म्हणालीस तर पाऊस असो की परीक्षा, सहाला तिथं दिसलीच पाहिजेस. नाहीच जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी निरोप घेऊन पाठव. ‘पेन्शन मिळवून देते’ असं कधी म्हणू नकोस. ‘कचेरीत विचारते आणि काय म्हणाले ते बुधवारी सांगते’ एवढंच म्हण. मग नकार आला तरी तो सांगायला जायचं. नकार सांगायला आलेल्या माणसावर विश्वास बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तुझ्या तिकडच्या तंजावरच्या मातीला हे नवं नाही. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे नाव तू तिकडच्या चर्चमध्ये ऐकलं असशील. हा जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीला पोचला, तमिळ शिकला, आणि भोसल्यांच्या दरबारात बोलता यावं म्हणून आपली मराठीही शिकला. हैदर अलीच्या स्वारीत, १७८१ च्या सुमारास, तंजावरच्या किल्ल्यात माणसं अन्नावाचून मरत होती. बाहेर गावांत धान्य होतं, पण ते वाहून आणायला बैल मिळेनात. सरकारी माणसांनी आधी शेतकऱ्यांकडून नेलं होतं आणि पैसे दिले नव्हते, त्यामुळे आता राजाच्या हुकमावर कुणी जागचं हलेना. शेवटी तुळजाजीराजांच्या दरबारानं श्वार्ट्झला गळ घातली की तुम्ही आपल्या नावानं बोलावून बघा. त्यानं ‘पैसे मी स्वतः देईन’ असं लिहून पाठवलं, आणि दोन-तीन दिवसांत १००० बैल आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात येऊन पडलं. नंतर त्यानं ज्याचे त्याला पैसे चुकते केले. त्याचं प्रवचन ऐकून किती लोक बदलले ते प्रभूला ठाऊक. त्या दिवशी बैल जुंपले गेले ते मात्र हा माणूस बोलतो तसं वागतो हे लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं म्हणून. तू तिथं नवी आहेस. तुला ही वर्षं अजून भरायची आहेत.

आता जेवणाचं. डबा पुढे करण्याआधी खाली बस. उभ्यानं दिलेलं जेवण आणि मांडीला मांडी लावून बसून दिलेलं जेवण यांत फरक आहे. तमिळमध्ये ‘साप्टींगळा’ एवढं विचारायला शीक, जेवलात का म्हणून, आणि अय्या, अम्मा, पाट्टी असं वयाला शोभेल तसं म्हण. झोपलेल्याला उठवू नकोस. त्याच्या बोचक्याला हात लावू नकोस, सरकवायलाही नाही; त्याचं घर तेवढंच आहे. दात नाहीत का ते बघ, मग कोरडा पराठा द्यायचा की मऊ भात ते ठरव. तिकडच्या उकाड्यात दहीभात लवकर आंबतो, तो ‘रात्रीसाठी ठेवा’ म्हणून देऊ नकोस. बरेच दिवस ज्याच्या पोटात काही गेलेलं नाही त्याला एकदम भरपेट वाढणं जिवावर बेतू शकतं. मीठ घातलेली पातळ कंजी थोडी थोडी दे आणि डॉक्टरला दाखव.

आणि काय खाणार ते त्यालाच विचार. जमलं तर एखाद्या छोट्या खानावळवाल्याशी ठरव, पैसे तू दे, आणि माणसानं स्वतः जाऊन हवं ते मागून घ्यावं. विचारून देण्याची ही कल्पना माझी नाही, तुझ्या गावच्या मुक्तांबाळ छत्रामागच्या, म्हणजे वाटसरूंच्या जुन्या धर्मशाळेमागच्या माणसाची आहे. तुला पोचवायला आले होते तेव्हा ते मी डोळे भरून पाहिलं. इमारतीच्या कुशीला दगडी रथ, त्याला दगडी चाकं आणि ओढायला घोडे नि हत्ती. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबेच्या नावानं १८०२ साली ते उघडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८०१ मध्ये, आपली छत्रं कंपनी सरकारच्या हाती जाऊ नयेत म्हणून राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं होतं. या कामात पडणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात लिहिलंय की ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, सगळ्यांना शिजवलेला भात मिळे; ज्याला दुसऱ्याच्या हातचं चालत नसे त्याला मसाल्यासकट कोरडा शिधा. आजारी पडला तर औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. तान्ह्यांना दूध. परक्या मुलखातून येऊन पोरकी झालेली मुलं शाळामास्तरच्या ताब्यात, त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. चौथ्या दिवशी तेल! राज्याचा कारभार हातून गेलेला असताना ज्यानं पोरक्या पोराच्या तेलाचा दिवस पत्रात लिहिला, त्या माणसाचं मला फार मोठेपण वाटतं.

त्याच पत्रात असंही आहे की वाढणं मध्यरात्रीपर्यंत चाले, मग घंटा वाजवून पुकारा होई: ज्याला कुणाला अजून मिळालं नसेल त्यानं यावं. ही घंटा तू लक्षात ठेव. आपल्या रांगेत पुढे येतात ते धडधाकट. लाजणारा, बहिरा, पायानं अधू, पदराखाली मूल घेतलेली बाई, हे मागे राहतात. डबे संपले की घरी निघू नकोस. दोन डबे बाजूला काढून ठेव आणि बसस्टँडच्या मागून, बंद दुकानांच्या पायऱ्यांवरून एक चक्कर मार.

धर्माचं विचारशील म्हणून सांगते. जेवणाच्या बदल्यात प्रार्थना घ्यायची नाही. भुकेल्या माणसाच्या ‘आमेन’ला काही अर्थ नाही, आणि आपल्या प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा कुणाला आधी हात जोडायला लावले नव्हते. सरफोजीराजे स्वतः शिवभक्त. श्वार्ट्झनं त्यांना लहानपणी सांभाळलं, शिकवलं, पण त्यांचा धर्म त्यांच्याकडेच राहिला. तरी ओरत्तनाडूच्या परिसरातल्या कण्णंतंगुडीत त्यांनी जी धर्मदाय संस्था काढली तिथं ५० गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची सोय त्यांनी करून दिली, असं मिशनऱ्यांनीच लिहून ठेवलंय. हिंदू राजानं आपल्या लेकरांना पोसलं त्या परिसरात तू उभी आहेस, म्हणजे तुझ्या ताटापुढे कुणाचा जात-धर्म विचारायचा प्रश्नच उरत नाही. कुणी आपणहून म्हणालं, ‘अम्मा, माझ्यासाठी प्रार्थना करा,’ तर जरूर कर. छोटी कर, त्याच्या भाषेत कर, आणि काय मागायचं ते आधी त्याला विचार. मला एकदा एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की घरासाठी नको, रात्री कुत्री अंगावर येतात त्यासाठी प्रार्थना करा. मग आम्ही तेच मागितलं, आणि त्याची जागा बदलून त्याला उजेडाखाली नेलं.

हातांनी करायच्या कामांत माझं सगळ्यात आवडतं नखं कापणं. जेवण द्यायला पुष्कळ लोक येतात, नखांपर्यंत कुणी पोचत नाही. पायाची नखं वाढून बोटात रुततात, चालणं बंद होतं, चालणं बंद झालं की पाणी आणि संडास लांब पडतात, आणि माणूस तिथंच घाण होऊन पडतो. एक छोटी बादली ने, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. पाय दहा-पंधरा मिनिटं भिजू दे, नखं मऊ होतात. हातमोजे घाल. कडेनं खोल न जाता सरळ काप, मोठं नख तुकड्यातुकड्यानं. मग पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या कर आणि टाचांना खोबरेल लाव. मधुमेही असेल किंवा पाय बधिर असेल तर कात्री लावूच नकोस, दवाखान्यात ने. तू डॉक्टर आहेस पण गुरांची, हेही लक्षात असू दे; जखमेत किडे दिसले, ताप चढला, श्वास लागला तर १०८ ला फोन. म्हाताऱ्यांसाठी १४५६७, लहान मुलांसाठी १०९८. हे आकडे मोबाइलमध्ये नकोत, वहीच्या पहिल्या पानावर हवेत, कारण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पाय धुताना योहानाच्या तेराव्या अध्यायातल्या, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीची आठवण येतेच. ती तोंडानं सांगत बसू नकोस.

जो स्वतःशी बोलतो, अंगावर कपडे ठेवत नाही, त्याच्यापासून लोक पळतात. त्याला वेडा म्हणून सोडून देऊ नकोस आणि एकटीनं जवळही जाऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी ठरवली आहे: त्याला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. ठाण्यात जाताना हे शांतपणे सांग, सोबत तमिळ बोलणारी एखादी वयस्क बाई ने. आपल्याकडे रायगडातल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेनं अशी हजारो माणसं बरी करून देशभरातल्या घरी पोचवली. तिथल्या कामावरून एक शिकण्यासारखं आहे: औषधानं माणूस सावरला की तो हळूहळू गावाचं नाव, नदीचं, शाळेचं, देवळाचं नाव सांगू लागतो. म्हणून वहीत त्याचं प्रत्येक तुटक वाक्य लिही, बोलला तशाच शब्दांत. आज अर्थ लागला नाही तरी उद्या लागेल. आणि कोण जाणे, त्या स्टँडवर एखादा दिवस कुणी तुझ्याशी मराठीत बोलेल. चुकीच्या रेल्वेगाडीत चढलेली माणसं फार लांब जातात.

आणखी एक. आपल्याकडे नाताळात सगळे ब्लँकेटं वाटत सुटतात. तुझ्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस असतो. तिथं ब्लँकेट भिजलं की वजन होतं, वाळत नाही, फेकून द्यावं लागतं. ताडपत्रीचा तुकडा, सुतळी, कोरडी लुंगी किंवा साडी आणि ते ठेवायला जाड पिशवी दे. डासांसाठीही काही बघ. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा वादळानं तुमच्या भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या होत्या, तेव्हा वादळाची सूचना आली की कुणाला कुठल्या पक्क्या छपराखाली न्यायचं हे सप्टेंबरातच ठरवून ठेव.

तुझ्या श्रद्धेचं काय होईल ही तुझ्या आईची खरी भीती आहे. एवढं दुःख बघून पोरीचा विश्वास डळमळेल, असं तिला वाटतं. डळमळेल, काही रात्री. ज्याला बुधवारी जेवू घातलं तो गुरुवारी गेलेला असतो आणि देवाला काय विचारावं कळत नाही. त्या वेळी मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटत आलाय. केडगावच्या मुक्तिसदनाच्या रमाबाई सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी त्या स्वतः बेघर होत्या, आणि त्याच दक्षिणेत. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी फिरत होतं. दागिने, भांडी विकून संपली, पाला खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये आधी वडील गेले, मग आई, पुढे बहीणही. ज्या मुलीनं हे भोगलं तिनंच १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. रमाबाईंना समोरची मुलगी अनोळखी वाटलीच नसेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू भुकेल्यांच्या बाजूनं बोलतो, तेव्हा तो त्यांच्यातला एक होऊन बोलतो; हे मला पुलपिटासमोर बसून समजलं नव्हतं. स्टेशनाबाहेर एक बाई दर आठवड्याला माझ्या गुडघ्याची चौकशी करायची आणि निघताना माझ्यासाठी हात जोडायची. तिच्या प्रार्थनेवर मी बरेच आठवडे तरले आहे. तेव्हा तिकडे जाताना फक्त द्यायला जाऊ नकोस. कुणी तुझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणालं तर डोकं खाली घालून घे. एकटी कधी जाऊ नकोस. रविवारची उपासना या कामासाठी बुडवू नकोस, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेव की कुणाचाच डबा नाही.

शेवटचं, बदलीचं. ती येणारच. ऑर्डर हातात पडल्या दिवशी सगळ्यांना सांग, निघायच्या दिवशी नको. तुझ्या जागी जी येणार तिला आधीच काही बुधवार सोबत ने, तिला खाली बसव, प्रत्येकाचं नाव तिला तुझ्या तोंडून कळू दे. वही तिच्या हातात दे. वहीत कुणाचा कुठला शब्द अजून पुरा व्हायचा आहे ते वेगळ्या पानावर लिही: कुणाच्या चष्म्याचं विचारायचं आहे, कुणाच्या मुलाच्या पत्त्यावर पत्र गेलंय आणि उत्तर यायचंय. ते पान तिच्याशी बसून एकेक ओळ वाच, आणि जे तिला जमणार नाही ते त्या माणसाला तू स्वतः जाऊन सांग.