जर्मन घ्यावी की संस्कृत? आधी पाच वर्षांचा हिशेब मांडा

सातवीचा निकाल लागला की अनेक घरांत शाळेचा एक फॉर्म येतो: आठवीला कोणती भाषा? संपूर्ण संस्कृत, संयुक्त हिंदी-संस्कृत, आणि शाळेत सोय असेल तर जर्मन किंवा फ्रेंच. फॉर्म परत द्यायला जेमतेम दोन-चार दिवस असतात आणि तेवढ्या वेळात पालकांच्या ग्रुपवरची सगळी चर्चा एकाच शब्दाभोवती फिरते: ‘स्कोअरिंग’. कोणती भाषा घेतली की दहावीला शंभराच्या जवळ मार्क पडतात?

प्रश्न अगदीच गैर नाही. राज्य मंडळाच्या दहावीत सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी निघते, त्यामुळे भाषेतले चार-पाच मार्क अकरावीच्या प्रवेशात फरक पाडतात. पण हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा, की दहावीनंतर या भाषेचे पुढे काय? बहुतेक ठिकाणी उत्तर असते, काहीच नाही. तीन वर्षे शिकलेली जर्मन निकालाच्या दिवशी संपते. पुढे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी ‘जर्मनीत एमएस करायचे आहे’ असे ठरले की तोच मुलगा पुन्हा पहिल्या पायरीपासून क्लास लावतो. हे टाळायचे असेल तर भाषेचा विचार विषय म्हणून न करता आठवी ते बारावी अशी पाच वर्षांची सलग योजना म्हणून करायला हवा.

मार्क वेगळे, पातळी वेगळी

शाळेचे मार्क बाहेरच्या जगात फारसे कोणी विचारत नाही. विचारतात ती पातळी. युरोपीय भाषांसाठी कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची चौकट आज सगळीकडे चालते: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१-ए२ म्हणजे ओळख, खरेदी, रस्ता विचारणे. बी१ला आपले अनुभव आणि मते साध्या वाक्यांत मांडता येतात. बी२ला समोरच्याला फार थांबायला न लावता बोलता येते आणि आपल्या क्षेत्रातला मजकूर वाचता येतो. भाषेच्या जोरावर नोकरी मिळण्याची शक्यता खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. सी१ म्हणजे त्या भाषेत विद्यापीठाचे शिक्षण घेण्याइतकी तयारी.

जर्मनच्या परीक्षा गोएथे इन्स्टिट्यूट घेते, आपल्याकडे ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतात. फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेजमार्फत बी२पर्यंत डेल्फ आणि त्यापुढे डाल्फ. जपानीची शिडी निराळी: जेएलपीटी या परीक्षेत एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते; पुणे आणि मुंबई ही दोन्ही केंद्रे आहेत.

शाळेत किती तास मिळतात?

इथे कागद-पेन घ्या. आठवड्याला चार तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या, असे धरू. परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वगळता वर्षात प्रत्यक्ष शिकवण्याचे ३० आठवडे मिळाले तर १२० तासिका, म्हणजे ७० तास होतात. तीन वर्षांत २१० तास. गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज ४५ मिनिटांच्या तासिकेत असतो; त्या मापाने हे २८० झाले. शून्यापासून ए२ गाठायला साधारण २०० ते ३५०, बी१साठी ३५० ते ६५० आणि बी२साठी ६०० ते ८०० तासिका लागतात, असे ही संस्था सांगते.

म्हणजे शाळा नीट चालली, मूल नीट शिकले, तरी दहावीअखेर ते ए२च्या आसपास असते. दहावीला ९५ मार्क मिळवणाऱ्या मुलीला जर्मन पाहुण्याशी चार वाक्ये बोलता आली नाहीत, तर तिला दोष देऊ नका. पेपरसाठी भाषांतरे, व्याकरणाचे तक्ते आणि ठरावीक निबंध पाठ करून मार्क मिळतात. ऐकण्या-बोलण्याला पुरेसे तास मिळालेलेच नसतात. ते तास बाहेरून जोडावे लागतात, आणि योजना लागते ती त्यासाठी.

भाषा निवडताना

मराठी मुलाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. तो, ती, ते म्हणत वाढलेल्याला नपुंसकलिंगाची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. कोणत्या नामाचे लिंग काय, हे मात्र पाठच करावे लागते. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे लागतात आणि आदराच्या पातळ्याही असतात. त्यामुळे वाक्यरचना लवकर बसते. अडते लिपीपाशी. हिरागाना आणि काताकाना महिन्या-दोन महिन्यांत येतात, पण जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजींची यादी २,१३६ चिन्हांची आहे. रोज थोडे लिहिण्याची चिकाटी असलेल्या मुलानेच जपानीकडे वळावे. फ्रेंचमध्ये इंग्रजीशी मिळतेजुळते शब्द भरपूर, पण लिहिलेले आणि उच्चारलेले यांत अंतर असल्याने कान तयार करावा लागतो. स्पॅनिशचे उच्चार सोपे आणि जगात बोलणारे देश अनेक. शाळांत तिची सोय मात्र कमी, त्यामुळे बहुधा बाहेरचाच क्लास पाहावा लागतो.

उपयोगाचाही विचार करा. चाकणच्या पट्ट्यात आणि पुण्याच्या आसपास जर्मन कंपन्या मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी जाणाऱ्यांना जर्मन शिकावीच लागते. जपानीला पुण्यात जुनी परंपरा आहे, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसारख्या प्रकल्पांमुळे अभियंत्यांशी जपानीत बोलू शकणाऱ्यांची गरज आहे. गोव्यातल्या मुलांसाठी पोर्तुगीजचा पर्याय खरा आहे: १९६१पूर्वीची जमिनीची आणि वारशाची कागदपत्रे त्या भाषेत आहेत आणि ती वाचणारे लोक वकिलांना, अभ्यासकांना लागतात.

एवढे सांगूनही पहिला निकष व्यवहाराचाच ठेवा: पुढची पाच वर्षे घराजवळ किंवा ऑनलाइन चांगला शिक्षक मिळेल, तीच भाषा. धोरणाच्या भरवशावर राहू नका. २०११पासून केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन नोव्हेंबर २०१४मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बंद करून तिच्या जागी संस्कृत आणली गेली. शाळा बदलते, शिक्षक जातो, नियम बदलतो. तुमची योजना शाळेबाहेरही उभी राहील अशी असावी.

वर्षवार आराखडा

*आठवी:* फक्त सवय आणि गोडी. आठवड्याला दोन-तीन वेळा वीस मिनिटे ऐकणे, मुलांची गाणी, छोटे व्हिडिओ. बाहेरच्या परीक्षेची घाई नको.

*नववी:* वर्षाअखेर ए१ची परीक्षा. जर्मन आणि फ्रेंचमध्ये शाळकरी वयासाठी वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, प्रौढांच्या परीक्षेला बसवू नका. जपानी असेल तर एन५. प्रमाणपत्रापेक्षा इथे फायदा हा की मुलाला बोलण्याची किंवा ऐकण्याची खरी परीक्षा कशी असते ते कळते.

*दहावी:* नवी पातळी गाठायला जाऊ नका. बोर्डाचा पेपर चांगला लिहा. मार्चमध्ये पेपर संपल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मोठी सुट्टी मिळते. पाच वर्षांतला भाषेसाठीचा सर्वांत मोलाचा काळ हाच. या सुट्टीत सलग कोर्स लावून ए२ पक्की करा.

*अकरावी:* बी१च्या दिशेने. आठवड्याला दोन दिवस, शनिवार-रविवारची बॅच. जेईई-नीटचा रेटा अजून पूर्ण चढलेला नसतो तोवर जमेल तेवढे.

*बारावी:* भाषा जिवंत ठेवायची, एवढेच. आठवड्याला एक पॉडकास्ट, एक पान वाचन. परीक्षा संपल्यावर बी१ द्या. गोएथेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा.

या वाटेने चाललेले मूल अठराव्या वर्षी बी१पाशी उभे असते. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत बी२ गाठणे मग आवाक्यात येते.

गाडी अडते ती अकरावीत

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत इंग्रजी सक्तीची, आणि दुसऱ्या भाषेच्या जागी विद्यार्थ्याला माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी घेण्याची मुभा आहे. सायन्सची बरीच मुले आयटीकडे वळतात. त्यात प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. गुणवत्ता यादीत मिळालेल्या कॉलेजात तुमची भाषा असेलच असे नाही. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात तर भाषेची तासिका बऱ्याचदा वेळापत्रकापुरतीच उरते.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या माहितीपत्रकात दुसऱ्या भाषा कोणत्या आहेत, त्या शून्यापासून शिकवतात की दहावीपर्यंत शिकलेले धरून, हे विचारून घ्या. भाषा नसेल तर आयटी घ्या आणि भाषा बाहेर चालू ठेवा. त्यात काही बिघडत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळेत असाल तर तिथे नवशिक्यांसाठीचा ‘अब इनिशियो’ आणि आधी शिकलेल्यांसाठीचा ‘लँग्वेज बी’ असे दोन वेगळे मार्ग आहेत. तीन वर्षे फ्रेंच शिकलेल्या मुलाने सोपे म्हणून नवशिक्यांचा मार्ग धरला तर आधीची कमाई वाया जाते.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*संस्कृत घेतली तर संधी गेली का?*
नाही. दहावीनंतर परकीय भाषा चालू ठेवण्याची शक्यता दिसत नसेल तर संस्कृत घेणे उत्तम. बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला ती लागतेच, भारतविद्या आणि भाषाशास्त्रातही लागते. परकीय भाषा नंतर सुरू करता येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विभागात, दिल्लीच्या जेएनयूत, हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत बारावीनंतर भाषा शिकण्याची सोय आहे.

*दोन परकीय भाषा एकदम घेऊ का?*
शालेय वयात नको. ए१ पातळीच्या तीन प्रमाणपत्रांपेक्षा बी२चे एक प्रमाणपत्र बायोडेटात जास्त वजनाचे. दुसरी भाषा पहिली बी१ झाल्यावर.

*आता घेतलेले प्रमाणपत्र पुढे चालेल का?*
डेल्फ आयुष्यभर वैध असते. गोएथे आणि जेएलपीटीच्या प्रमाणपत्रांवर मुदत नसली तरी विद्यापीठे, दूतावास किंवा कंपन्या ताजे प्रमाणपत्र मागू शकतात. म्हणून प्रत्येक पायरीवर फी भरत बसू नका. शाळेत एखादी परीक्षा आत्मविश्वासासाठी, आणि मोठी परीक्षा अर्ज करायच्या आधीच्या वर्षी.

*जर्मनीत शिक्षण मोफत आहे ना, मग जर्मन पुरेल?*
बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्या-खाण्याचा खर्च सगळीकडे आपलाच. बारावीनंतर जर्मन माध्यमातल्या पदवीसाठी सर्वसाधारणपणे सी१ लागते, आणि अनेकांना आधी श्टुडिएनकोलेग हा एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. इंग्रजी माध्यमातले अभ्यासक्रम मुख्यतः एमएस पातळीवर आहेत. तिथेही अर्धवेळ काम आणि नंतरची नोकरी मिळवताना जर्मन येणाऱ्याचेच पारडे जड राहते.

*आता एआय भाषांतर करते, मग हे सगळे कशाला?*
साधे ईमेल, माहितीपत्रके यांचे भाषांतर यंत्रे करू लागली आहेत, त्यामुळे नुसत्या ए२च्या जोरावर काम मिळेल ही आशा सोडा. पण कारखान्यात बिघाड झाल्यावर समोरच्या तंत्रज्ञाशी बोलणे, रुग्णाचे दुखणे ऐकून घेणे, वाटाघाटीत गप्प राहिलेल्या माणसाचा रोख ओळखणे, यासाठी भाषा स्वतःलाच यावी लागते. तिला सोबत दुसरे कौशल्य हवे. मेकॅनिकल आणि जर्मन, नर्सिंग आणि जर्मन, सॉफ्टवेअर आणि जपानी, पर्यटन किंवा हॉटेल व्यवस्थापन आणि फ्रेंच अशा जोड्या चालतात. निव्वळ भाषेतच करिअर करायचे, म्हणजे अध्यापन, दुभाषेपण किंवा साहित्याचे भाषांतर, तर सी१च्या खाली थांबून चालणार नाही.

फॉर्म भरण्याआधी

शाळेला तीन गोष्टी विचारा: ही भाषा दहावीपर्यंत नक्की चालू राहील का, आठवड्याला किती तासिका मिळतील, आणि शिकवणाऱ्यांची स्वतःची पातळी काय आहे. स्वतःला दोन विचारा: शाळेबाहेर आठवड्याला दोन तास आणि वर्षाची क्लासची फी पाच वर्षे काढता येईल का, आणि दहावीच्या सुट्टीत मूल भाषेचा कोर्स करायला तयार आहे का. मुलाला एकच विचारा, की या भाषेतले काही ऐकायला, पाहायला तुला आवडते का. ॲनिमे पाहणारी मुलगी जपानीला चिकटून राहील, फुटबॉलवेडा मुलगा स्पॅनिशला; शेजारच्याच्या मुलाने घेतली म्हणून घेतलेली भाषा दहावीच्या निकालाबरोबर सुटेल. या उत्तरांतली बहुतेक ‘हो’ असतील तर परकीय भाषा घ्या. नसतील तर संस्कृतवर निश्चिंतपणे खूण करा, आणि परकीय भाषेचा हिशेब दहावीच्या सुट्टीत नव्याने मांडा.