गाठ निघाली, मग मुंग्या का?

प्रश्न : पॅराथायरॉइडची गाठ काढून दोन महिने झाले. चाकणला रात्रपाळीत बोटांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. असं का? (एक कामगार, भोसरी)

उत्तर : गाठ होती तोवर हाडांतलं कॅल्शियम रक्तात उपसलं जात होतं. आता भुकेलेली हाडं ते परत ओढतात, रक्तात तुटवडा पडतो आणि मुंग्या, गोळे येतात. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल, तर ही ओढ महिनोन्‌महिने टिकते. रात्री राबून दिवसा झोपणाऱ्याला हे जीवनसत्त्व देणारं ऊन मिळणार कधी?

उरलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावल्याचीही शक्यता असते. म्हणून कॅल्शियमसोबत फॉस्फरस, मॅग्नेशियम, 'ड' आणि पीटीएच (या ग्रंथींचं संप्रेरक) तपासावं. पीटीएच कमी, फॉस्फरस जास्त असेल तर ग्रंथी मंद. पीटीएच चढं, फॉस्फरस कमी असेल तर हाडांची भूक. सहा महिन्यांनंतरही ग्रंथी जाग्या झाल्या नाहीत, तर उपचार बहुधा कायमचे.

हा त्रास जुनाच. 1932 मध्ये अमेरिकी कप्तान चार्ल्स मार्टेल यांची गाठ सातव्या शस्त्रक्रियेत सापडली. त्यानंतर त्यांचंही कॅल्शियम घसरलं.

डॉक्टरांनी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी दिली असेल, तर ती जेवणासोबतच घ्यावी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. ती आपल्या मनाने बंद करू नये.

हात आखडले, घसा आवळला किंवा झटका आला, तर मशीन सोडून तातडीने रुग्णालय गाठावं. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.