प्लेटलेट्स आणि आमची विंग

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या गडबडीत माझ्या रूम पार्टनरच्या बाबांचा फोन आला. त्याच्या दहा वर्षांच्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. “प्लेटलेट्स द्यायला कोणी मिळेल का रे?” काकांनी विचारले. मी छाती पुढे काढून हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतून हात हलवत परत आलो! आदल्या रात्री डोकं दुखत होतं म्हणून मी अ‍ॅस्पिरिन घेतली होती. या गोळीने प्लेटलेट्सची एकमेकींना चिकटण्याची ताकद जाते. त्या दिवशी विंगमधला दुसरा मित्र धावला म्हणून निभावलं.

मग तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला सगळं समजावून सांगितलं. केमोथेरपी कर्करोगाच्या पेशी मारते, पण त्याबरोबर अस्थिमज्जेचा कारखानाही काही दिवस बंद पाडते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्या दहा हजारांच्या खाली गेल्या, की आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते. पांढऱ्या पेशीही घटतात. त्यामुळे अशा पेशंटला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी ती इमर्जन्सी समजून लगेच अँटिबायोटिक्स सुरू करावी लागतात. कारखाना पुन्हा चालू होईपर्यंत पेशंटला सांभाळायचं, यालाच सपोर्टिव्ह केअर म्हणतात. ती नसेल तर केमोथेरपी पेलवतच नाही.

प्लेटलेट्स साठवून का ठेवत नाहीत? कारण त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलत्या ठेवूनही साधारण पाचच दिवस टिकतात. म्हणून दाता ताजाच लागतो.

तीन दिवस भरल्यावर मी पुन्हा गेलो. मशीन हातातून रक्त घेतं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त परत देतं. तास-दीड तास लागतो. ओठांना थोड्या मुंग्या आल्या, कॅल्शियमची गोळी घेतल्यावर थांबल्या. अशी एक पिशवी साध्या रक्तदानातून मिळणाऱ्या सुमारे सहा पिशव्यांच्या बरोबरीची असते.

आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे, हे मशीन घडवण्यात एका इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. १९६२ साली आयबीएममधल्या जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्युकेमिया झाला. त्यानंतर त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले डॉ. एमिल फ्रायराइख यांच्याबरोबर रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर काम केलं.

छोट्याचे उपचार अजून चालू आहेत. ते दोन-अडीच वर्षं चालतात. आमच्या विंगच्या दारावर आता रक्तगटांची यादी लावली आहे. तुमच्याही लावा. आणि डोकं दुखलं तर गोळी घेण्याआधी तिच्यावरचं नाव वाचा. मी वाचलं नव्हतं!