पिझ्झ्याचीं दुकानें : त्यांचा इतिहास व प्रकार

गेल्या सत्रांत मधल्या सुट्टींत एक मुलगा डब्यांतील भाकरी झांकणाआड लपवून खातांना आमच्या दृष्टीस पडला. चौकशी करितां असें कळलें कीं, शेजारचे सोबती आदल्या दिवशीं पिझ्झा खाऊन आल्याची बढाई मारीत होते व त्यांच्यादेखत भाकरी काढण्याची त्याला लाज वाटली. त्या दिवशीं आम्हीं नेमलेला पाठ बाजूस ठेवून वर्गास पिझ्झ्याच्या दुकानांचा इतिहास सांगितला. तोच येथें थोडक्यांत देत आहों.

पिझ्झा म्हणजे गव्हाचें पीठ आंबवून, थापून, वर कांहीं तोंडीलावणें पसरून भट्टींत भाजलेली रोटी होय. हिचें माहेर दक्षिण इटलींतील नेपल्स शहर. अठराव्या शतकांत तेथील वस्ती अत्यंत दाट होती व हातावर पोट असलेल्या पुष्कळांच्या घरीं चुलीची सोय नसे. अशांस स्वस्त व उभ्याउभ्या खातां येईल असें अन्न हवें असे. फेरीवाले भट्टीवरून पिझ्झे घेऊन, झांकणाच्या भांड्यांत ठेवून, तें भांडें डोक्यावर घेऊन गल्लोगल्लीं विकीत. ज्याची जशी ऐपत, त्याला तेवढा तुकडा मिळे. पोर्ताल्बा वेशीजवळील दुकान हें जगांतील पहिलें पिझ्झागृह मानितात. तेथें १७३८ पासून फेरीवाल्यांस माल मिळे व १८३० मध्यें गिऱ्हाइकांसाठीं मेजें मांडलीं गेलीं, असें सांगतात.

प्रतिष्ठितांस मात्र हें अन्न हीन वाटे. पिनोकिओ या लाकडी बाहुल्याची गोष्ट लिहिणारे कोलोदी यांनीं १८८६ सालीं मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत पिझ्झ्यास व तो विकणारास एकाच मापानें मोजून दोघांसही ओंगळ ठरविलें. पुढें १८८९ त राणी मार्गेरिता हिनें टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीचीं पानें घातलेला पिझ्झा पसंत केला, म्हणून त्यास तिचें नांव पडलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्याविषयीं कांहीं संशोधकांनीं शंका घेतली आहे.

पिझ्झ्यास देशोदेशीं नेलें तें दारिद्र्यानेंच. पोटासाठीं लक्षावधि इटालियन अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथें लोम्बार्दी यांच्या दुकानास १९०५ पासून त्या देशांतील पहिलें पिझ्झागृह मानण्याचा प्रघात आहे.

या दुकानांचे मुख्य प्रकार चार. पहिला नेपल्सचा : लांकडें जाळून तापविलेल्या घुमटाकार भट्टींत सुमारें ४५० अंश सेल्सिअस उष्णतेवर पिझ्झा दीड मिनिटाच्या आंत भाजून निघतो. दुसरा रोमचा : तेथें लांबट पत्र्यांवर भाजलेला पिझ्झा कापून वजनावर विकतात. तिसरा अमेरिकन : न्यूयॉर्कला मोठ्या पातळ पिझ्झ्याचा एकेक तुकडा घडी घालून खातात, तर शिकागोस १९४३ पासून खोल लोखंडी थाळ्यांत जाड पिझ्झा भाजतात. चौथा प्रकार एकाच नांवाच्या अनेक शाखांचा : १९५८ सालीं कॅन्सस राज्यांतील विचिटा येथें कार्नी बंधूंनीं आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन ‘पिझ्झा हट’ काढलें, १९६० सालीं मिशिगनमध्यें निघालेल्या एका दुकानांतून पुढें ‘डॉमिनोज’ वाढलें व घरपोंच पिझ्झ्याची चाल रूढ झाली. या दोहोंनीं १९९६ सालीं भारतांत पाऊल ठेविलें. आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असलेला झगझगीत दिव्यांचा पिझ्झा तो हाच.

कोलोदींच्या निंदेनंतर १३१ वर्षांनीं, म्हणजे २०१७ सालीं, युनेस्कोनें नेपल्सच्या पिझ्झा करणारांची कला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत गणिली. अन्न तेंच, पीठ तेंच. पाहणारांची दृष्टि बदलली. ज्वारीची भाकरी भाजणाऱ्या मातेच्या हातचें कसबही कमी प्रतीचें नाहीं, हें पालकांनीं मुलांस घरींच सांगावें, अशी आमची विनंति आहे.

पाठ संपल्यावर तोच मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, कोलोदींनीं तो पिझ्झा चाखून पाहिला होता का?” वर्ग हंसला. आम्हीं त्या प्रश्नाबद्दल त्यास शाबासकी दिली, व दुसऱ्याच्या डब्याविषयीं बोलण्यापूर्वीं प्रत्येकानें हाच प्रश्न स्वतःस विचारावा, असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत त्याच्या डब्याचें झांकण बाजूस ठेवलेलें होतें, व शेजारचा मुलगा त्यांतील भाकरीचा तुकडा मोडीत होता.