मोत्या आधी हजेरी घेतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलवर एक अर्ज फिरत होता. 'गेटवरचे कुत्रे मुलांच्या अंगावर येते, तरी त्यास हलवावे.' खाली चाळीसेक सह्या. त्यातली एक माझी.

कारणही तसंच होतं. सुट्टी संपवून पाटणहून निघालो, कराडला एस.टी. बदलली, सांगलीत पोचायला रात्रीचे अकरा वाजले. धो धो पाऊस. मित्राचा जादा रेनकोट आणि हेल्मेट घालून त्याच्या गाडीवरून गेटवर उतरलो, तर मोत्या थेट पायाशी! पँट फाटली, पाय वाचला. दोन वर्षं ज्याला मेसमधली चपाती घातली त्याने ओळखू नये? रागाच्या भरात सही ठोकली.

पण मी पडलो इन्स्ट्रुमेंटेशनचा. रीडिंग चुकलं की आधी सेन्सर तपासा, असं सर रोज सांगतात. म्हटलं, मोत्याचे सेन्सर तरी बघू.

पहिला सेन्सर नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या घरात. ओलसर नाकाला वासाचे कण चिकटतात. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जातो, म्हणून समोरून येणारा नवा वास ढकलला जात नाही. विजेचा खांब हुंगणं म्हणजे त्याचं नोटीस बोर्ड वाचणं! १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रॅडॉरने हजारो किलो स्फोटकं शोधली, ती याच नाकाच्या जोरावर.

दुसरा डोळा. कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं, हे खोटं. त्याला निळा आणि पिवळा कळतो. लाल-हिरव्यात मात्र गफलत होते. बारीक तपशील आपल्यापेक्षा धूसर, पण हालचाल आणि अंधुक उजेड यात तो सरस. डोळ्यामागे आरशासारखा थर असतो, म्हणून टॉर्च मारला की डोळे चमकतात.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडा. मोत्या म्हातारा, डोळ्यांत सारा पडलेला. हेल्मेटने माझा चेहरा झाकला, रेनकोटने आकार बदलला, त्याला वास येत होता तो दुसऱ्याचा. मग मी आलोच नव्हतो. एक अनोळखी आकार आला होता.

खात्री करायला वॉचमन काकांना शेजारी उभं करून प्रयोग केला. हेल्मेट घालून, न बोलता, पंधरा पावलांवर थांबलो. वारा त्याच्याकडून माझ्याकडे असताना गुरगुरला. दुसऱ्या बाजूने गेलो, वारा माझ्याकडून त्याच्याकडे. शेपूट हलायला लागली! दोन रीडिंगवर सिद्धांत होत नाही, व्हायव्हात टिकणारही नाही. पण माझा राग तिथेच उतरला.

तिसरा कान. आपण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्रा साधारण ४५ हजारपर्यंत, मांजर ६० हजारांच्याही वर. आमचे आजोबा कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगतात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची: "आधी कुत्रं केकाटलं, मग भांडी पडली." यात चमत्कार नाही. भूकंपाची पी-लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, एस-लाट साडेतीन. वीस किलोमीटरवर दोघींत दोन-अडीच सेकंदांचं अंतर पडतं. पी-लाटेची बारीक थरथर झोपलेल्या माणसाला कळत नाही, जनावराला कळू शकते. दिवसभर आधी भूकंप कळतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

आता मेसमधली मनी. उंदरांची जी चिवचिव आपल्याला ऐकूच येत नाही, ती तिला ऐकू येते. पण अगदी नाकासमोरचा तुकडा तिला नीट दिसत नाही. तिथे मिशा कामाला येतात. मांजराला गोड चवच कळत नाही, त्या चवीचं जनुक निकामी आहे. म्हणजे रविवारच्या शिऱ्याभोवती ती घोटाळते ती तुपासाठी, साखरेसाठी नव्हे!

तर मित्रांनो, रात्री गेटवर आलात की थांबा, हेल्मेट काढा, नावाने हाक मारा. पळू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नका. आणि चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी हळद-तिखट लावत बसू नका. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजची लस घ्या. तिथे हयगय म्हणजे जिवाशी खेळ.

मी रेक्टर सरांकडे जाऊन सही मागे घेतली. सर म्हणाले, "मग उद्या कुणाला चावला तर जबाबदार कोण?" प्रश्न बरोबर होता. म्हणून आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून मोत्याला लस टोचून आणली आणि वरच्या सूचनांचा कागद गेटवर चिकटवला. अर्ज अजून सरांच्या टेबलावर आहे.

तोवर आमची रोजची हजेरी आधी मोत्या घेतो, मग रजिस्टर. मी हेल्मेट काढून दोन मिनिटं थांबतो. तो हुंगतो, शेपूट हलवतो आणि आत सोडतो.